दिवाळीचा किल्ला मुलांच्याच हातचा हवा

बाजारात किल्ला तयार मिळू लागल्याला आता बरीच वर्षे झाली. दिवाळी पंधरा दिवसांवर आली की पुण्या-मुंबईत रस्त्याच्या कडेला प्लास्टर ऑफ पॅरिसचे रंगवलेले किल्ले मांडून ठेवलेले दिसतात. बुरुज, पायऱ्या, दरवाजा, हिरवळीचा हिरवा रंग, सगळे जागच्या जागी. घरी आणायचा, गॅलरीत ठेवायचा, वर महाराजांची मूर्ती बसवायची, उतारावर मावळे उभे करायचे, की झाले. विकत घेणाऱ्या आईवडिलांना मुलांची हौसच पुरवायची असते. त्यांच्याकडे कारणेही आहेत आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. पण एकेक कारण नीट तपासले तर त्यातले फारसे काही टिकत नाही. आणि जे किल्ल्याला लागू तेच आकाशकंदिलाला, राखीला, शाळेच्या प्रकल्पाला, कार्यानुभवाच्या नावाखाली दुकानातून आणलेल्या वस्तूलाही लागू.

सर्वांत आधी पुढे येते ती जागेची अडचण. अंगण गेले, माती गेली, तिसऱ्या मजल्यावर चिखल करायचा कुठे? अडचण खरी आहे. पण चाळीतल्या मुलांनाही स्वतःचे अंगण कधी नव्हते. जिन्याखाली, गच्चीवर, गॅलरीच्या टोकाला, जुन्या पत्र्यावर त्यांचे किल्ले उभे राहिलेच. आज माती नसेल तर घरोघरी कुरियरच्या खोक्यांचा ढीग आहे, रद्दी आहे, कणकेची खळ घरातच होते. खोकी रचून त्यावर खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे थरावर थर चिकटवले की वाळल्यावर चांगला टणक डोंगर होतो.

वेळेची तक्रार अधिक मनापासूनची असते. आईवडील दोघेही नोकरीला, घरी यायला रात्र, त्यात फराळ आणि साफसफाई. किल्ला करणार कधी? इथे किल्ला मोठ्यांनी करायचा असतो असे धरूनच चाललेले आहे. वेळ लागतो तो मुलांचा, आणि सुट्टीत तो त्यांच्याकडे असतो. मोठ्यांनी चार विटा आणि एक गोणपाट मिळवून द्यावे आणि दोन-तीन दिवस पसारा सहन करावा. त्यातले शेवटचेच जड जाते.

‘हात बरबटून मिळते काय?’ या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर द्यायला हवे. त्यासाठी किल्ला होताना जवळ बसून पाहावे.

विटा-दगडांचा ढीग रचतात आणि त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात. हे गोणपाट कशासाठी, ते पहिल्या वर्षी कळत नाही. नुसता चिखल विटांवर थापला तर तो उतारावरून घसरतो. चिकटून राहिलाच तर वाळताना भेगाळतो आणि पोपडे सुटतात. तागाचे धागे मातीला धरून ठेवतात. ज्याचा डोंगर एकदा घसरला तो मुलगा दुसऱ्या खेपेला गोणपाट ओले करतो, दगडांच्या खाचांत नीट खोचतो आणि मगच माती लावतो. मग येते हिरवळ. हळीव भिजले की दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो, त्यामुळे ते तीव्र उतारावरही चिकटून बसते. मोहरी घरंगळते, तिला बोटाने मातीत दाबावे लागते. दोन्ही दोन-चार दिवसांत उगवतात, म्हणून लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवा दिसायला हवा असेल तर पेरणी वसुबारसेच्या आधी उरकलेली बरी. पाणी हाताने शिंपडले तर कोंब टिकतात. तांब्याने ओतले तर बी वाहून जाते आणि बुरुजही खचतो.

एवढ्यात माती, पाणी, उतार, बियाणे आणि दिवसांचा हिशेब सगळे येऊन गेले, आणि अजून किल्ल्याचा दरवाजा व्हायचाच आहे.

रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवलेला आहे की चढून येणाऱ्याला तो अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नाही. पुस्तकात ही गोमुखी रचना दोन ओळींत आटोपते. एखादी मुलगी तीच रचना मातीत करू लागली की तिला ठरवावे लागते: वाट कुठे वळवायची, बुरुज किती पुढे काढायचा, वर उभ्या मावळ्याला खालचा माणूस कुठून दिसेल. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी करताना दोन भिंतींमध्ये जागा सोडावी लागते, आणि ही जागा कशासाठी, हा प्रश्न तिथेच पडतो. युनेस्कोने 2025 मध्ये मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत हे दोन्ही गड आहेत. त्यांच्याबद्दल अभिमान सगळ्यांनाच वाटतो. ते असे का बांधले, हे समजून घेण्याची संधी मात्र तयार किल्ला मुलांपासून हिरावून घेतो. त्यात सगळे निर्णय आधीच कुणीतरी घेऊन टाकलेले असतात.

हाताचे काम म्हणजे अभ्यासातून सवड मिळाली तर करायची गोष्ट, ही समजूत शिक्षणाच्या इतिहासाला धरून नाही. फिनलंडने 1866 मध्येच प्राथमिक शिक्षणात हस्तकलेला स्थान दिले आणि तिथल्या मुलामुलींना आजही हा विषय शिकावाच लागतो. आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे, ते सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडून शिकण्यासाठी. कागदावर हाताच्या कामाला मान कमी नाही. घरात मात्र कार्यानुभवाची वस्तू सादर करायच्या आदल्या रात्री वडील स्टेशनरीच्या दुकानात धाव घेतात, हे बहुतेक घरांचे वास्तव आहे.

नव्या पिढीचे पालक आणखी एक मुद्दा मांडतात. मुले पडद्यावरही बांधतातच की! मायनक्राफ्टमध्ये ती किल्लेच काय, अख्खी शहरे उभारतात. हे म्हणणे झटकून टाकू नये, कारण त्या खेळात कल्पना आहे, चिकाटी आहे, नियोजनही आहे. पण तिथे वाळू, खडी असे थोडे पदार्थ सोडले तर बहुतेक ठोकळे खालचा आधार काढला तरी हवेत तसेच राहतात. गॅलरीतला बुरुज खालची वीट काढली की कोसळतो. वस्तूचा हा हट्ट, तिचे ऐकून घेऊन आपला बेत बदलणे, हे पडद्यावर शिकता येत नाही.

मग ‘स्वतः करा’ असे लिहिलेल्या खोक्यांचे काय? आतमध्ये मोजके कापलेले तुकडे, गोंदाची नळी आणि पायरीपायरीच्या सूचना असतात. नवे तंत्र शिकायला त्यांचा उपयोग होतो, हे मान्य करावे. पण कल्पकतेच्या नावाने ते विकले जातात, तिथे हरकत आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना एक नवे खेळणे दिले. त्यात वेगवेगळ्या करामती दडवलेल्या होत्या. काही मुलांना शिकवण्याच्या सुरात त्यातली एकच करामत दाखवली, तर काहींसमोर तीच जणू सहज, चुकून घडली. शिकवलेली मुले दाखवलेल्याच गोष्टीपाशी रेंगाळली. बाकीच्यांनी खेळणे उलटसुलट करून जास्त शोध घेतला. लहान मुलांवरच्या एका प्रयोगावरून दहा वर्षांच्या मुलाविषयी सगळे ठरवता येणार नाही. तरी सूचनांचा कागद समोर आला की मुलांचे इकडेतिकडे पाहणे थांबते, हे घरोघरी दिसणारे चित्र त्याच्याशी जुळते.

सोसायट्यांमधल्या किल्ला स्पर्धांचा हेतू चांगला असतो आणि परिणाम पुष्कळदा उलटा होतो. बक्षीस जाहीर झाले की मोठ्यांचे हात किल्ल्यात शिरतात. सफाईदार तट वडील लावतात, कारंजे काका बसवतात, दिव्यांची माळ दादा जोडतो आणि मूल पाण्याची बादली घेऊन बाजूला उभे राहते. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवायला हवा. चित्रे काढायला आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुले चित्रांकडे पूर्वीपेक्षा कमी वळली. इतर मुलांच्या मानाने त्यांनी सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळाले, त्यांची गोडी कमी झाली नाही. स्पर्धा बंद कराव्यात असे यातून निघत नाही. कौतुक करावे, पण त्याचे आमिष आधी दाखवू नये, एवढे नक्की निघते.

तयार किल्ले घेतले नाहीत तर कारागिरांच्या पोटावर पाय येईल, असेही कुणी म्हणते. मावळे, महाराज, तोफा, हत्ती हे कुंभारांकडून जरूर घ्यावेत. पुण्याच्या कुंभारवाड्यातून ही चित्रे आणणे हा किल्ल्याच्या हौसेचाच भाग आहे. उलट ज्या घरात दरवर्षी नवा किल्ला होतो त्या घरात दरवर्षी नवी चित्रेही येतात. प्लास्टरचा किल्ला माळ्यावर जाऊन पुढच्या वर्षी जसाच्या तसा खाली उतरतो.

आता थोडे हस्तकलेच्या कैवाऱ्यांविषयी, कारण अतिशयोक्ती त्यांच्याही बाजूला आहे. कागद दुमडले की बुद्ध्यांक वाढतो, ठोकळे रचले की मूल वास्तुविशारद होते, अशी आश्वासने सर्रास दिली जातात. फ्रँक लॉईड राईट हा अमेरिकन वास्तुविशारद लहानपणी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या लाकडी ठोकळ्यांशी खेळला होता आणि त्या खेळाचे ऋण तो मोठेपणीही मानत असे, हे खरे. पण तेच ठोकळे हजारो मुलांच्या हातात होते आणि ती सगळी राईट झाली नाहीत. किल्ला करणाऱ्या मुलाला पुढे काय मिळेल, यावर किल्ल्याची किंमत ठरवण्याची गरजच नाही. आज, या वयात, त्याने एक गोष्ट स्वतः ठरवून पुरी केली, हे त्याच्या आयुष्यात आजच मोलाचे आहे.

साहित्य महाग हवे, हाही भ्रमच. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणार नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पाने यांतून बालवाडीची साधने उभी केली. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये पुण्यातल्या टेल्कोमधून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार केले. नळीच्या तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या खुपसायच्या, की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबताच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. पुलांना आणि विजेच्या मनोऱ्यांना त्रिकोण का असतात, ते शिकवायला याहून अधिक काही लागत नाही.

‘आमच्या मुलाच्या हातात कलाच नाही’ हे वाक्य तर मुलासमोर कधीच उच्चारू नये. पहिला तट वाकडाच होतो. तो मोठ्यांनी सरळ करून दिला की मूल दुसरा तट लावायला पुढे येत नाही. गोणपाट खोचायची पद्धत दाखवावी, कात्री कशी धरायची ते सांगावे, विटा उचलताना बोट चेंगरू नये म्हणून जवळ असावे. दरवाजा कुठे आणि तळे कुठे, हे विचारले तरी सांगू नये.

सोसायट्यांच्या आणि शाळांच्या किल्ला स्पर्धांनी एवढा बदल या दिवाळीत करून पाहावा. गुण सफाईला न देता परीक्षकांनी मुलांना प्रश्न विचारावेत: गडावर पाणी कुठून येते, दरवाजा या बाजूला का ठेवला, काय कोसळले आणि मग काय केले. आणि परीक्षक किल्ल्यापाशी असतील तेवढा वेळ आईवडिलांनी घरात थांबावे.