मधुमेहाच्या फाइलमध्ये हिरड्या कुठे आहेत?

नोव्हेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मौखिक आरोग्यावरची पहिली जागतिक बैठक बँकॉकला घेतली. दात-हिरड्यांचे आजार मधुमेह, रक्तदाब यांच्याच रांगेत धरा आणि त्यांची मूलभूत सेवा सर्वांपर्यंत पोहोचवा, असा तिथल्या जाहीरनाम्याचा रोख होता. आपल्याकडे हे कागदावर आधीच आले होते. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यायच्या १२ प्रकारच्या सेवांमध्येही मौखिक आरोग्य आहे. तरीही पंचवटीतल्या एखाद्या मधुमेही माणसाची फाइल उघडून पाहा. साखरेचे आकडे, ईसीजी, क्रिएटिनिन, क्वचित डोळ्यांचा रिपोर्ट सापडेल. हिरड्यांबद्दल बहुधा एक ओळही नसेल.

ही ओळ का हवी? भारतात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी लोक आहेत, असा आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. हिरड्यांच्या आजाराचा सर्वांत पक्का धागा याच आजाराशी जुळतो आणि तो दोन्ही बाजूंनी ओढला जातो. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम लवकर भरत नाही. मग दातांवरच्या कीटणाखाली बसलेले जंतू हिरडी दातापासून सोडवत जातात, फटी खोल होतात आणि दाताभोवतीचे हाड झिजते. लोक याला पायोरिया म्हणतात. दुसऱ्या बाजूने, या फटींमधली सूज महिनोन्महिने धुमसत राहते. त्या सुजेतून रक्तात उतरणारी रसायने इन्सुलिनचे काम अडवतात. म्हणजे पथ्य पाळूनही साखर उतरत नाही, त्यामागे इतर अनेक कारणांबरोबर तोंडातली ही सूजही असू शकते.

उपचाराने फरक पडतो का, हा खरा प्रश्न. कॉक्रेनने २०२२ मध्ये ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. हिरड्यांच्या खालपर्यंत सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, सुमारे ०.४३ अंकाने कमी झाली. आकडा छोटा वाटेल. पण मधुमेहाची एखादी सौम्य गोळी वाढवून जे मिळते, त्याच्या आसपास जाणारा हा फायदा आहे. म्हणून तिसरी गोळी लिहिण्यापूर्वी तोंड उघडायला सांगणे मला शहाणपणाचे वाटते.

इतर दाव्यांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. ‘हिरड्या साफ करा, हार्ट अटॅक टाळा’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. हिरड्या खराब असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो, हे खरे. पण तंबाखू, मधुमेह, गरिबी ही कारणे दोन्हीकडे सारखीच असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासला. संबंध दिसतो, पण हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो हे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. गरोदरपणाचेही तसेच. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत गरोदरपणी हिरड्यांचे उपचार सुरक्षित ठरले, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. झडप बदललेले रुग्ण वेगळे. तोंडातले जंतू त्यांच्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून दात काढण्यापूर्वी किंवा सफाईपूर्वी त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आता आपल्या तपासणीकडे येऊ. तिशीनंतरच्या लोकांची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगासाठी सरकारी तपासणी होते. त्यात तोंडही पाहिले जाते, पण शोध असतो तो न भरणाऱ्या जखमेचा, पांढऱ्या-लाल चट्ट्याचा, तोंड कमी उघडण्याचा. महाराष्ट्रात तंबाखूचे प्रमाण पाहता हे योग्यच आहे. पण तोंड उघडलेलेच आहे, तर ‘दात घासताना रक्त येते का?’ आणि ‘दात हलतात का?’ हे दोन प्रश्न विचारायला असा कितीसा वेळ लागतो?

तिसरा प्रश्न मिश्रीचा. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की अनेक बायका नाही म्हणतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खोटे नसते. तव्यावर भाजलेली ती पूड त्यांच्या लेखी दंतमंजन असते. दिंडोरी-पेठकडून येणाऱ्या बायकांना तर ‘मिश्री लावता का?’ असे नाव घेऊनच विचारावे लागते. आणि एक प्रश्न आम्ही डॉक्टरांनी स्वतःला विचारायचा: रक्तदाबासाठी सर्रास लिहिली जाणारी अॅम्लोडिपिन काही रुग्णांत हिरड्या फुगवते. फिटची फेनिटोइनही. अशा वेळी रुग्णाने गोळी आपणहून बंद करू नये, ती बदलून मिळू शकते.

अडचण पैशाचीही आहे. सरकारी विमा योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत, कीटण काढणे त्यात बसत नाही. शिवाय एमबीबीएस आणि बीडीएस यांची कामे वेगळ्या दालनांत चालतात. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली दोन्ही शाखा आहेत, पंचवटीतच दंत महाविद्यालयही आहे. अशा ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात सफाई सहसा खासगी दवाखान्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. अंतर असे फार नाही, पण मधुमेहाच्या रुग्णाला तिकडे चिठ्ठी देण्याची सवय आम्हाला नाही.

चिठ्ठी दिली तरी रुग्ण जाईलच असे नाही, कारण ‘सफाई केली की दात हलायला लागतात’ ही भीती घरोघरी आहे. दात आधीच सैल झालेला असतो, साचलेल्या कीटणाने तो जणू लिंपून धरलेला असतो. कीटण निघाले की सैलपणा जाणवतो, एवढेच. सुजलेली हिरडी बसली की दात लांब दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबते. मधुमेहींनी सफाईला शक्यतो सकाळी, नाश्ता आणि नेहमीचे औषध घेऊन जावे, उपाशी जाऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने थांबवू नये, फक्त दंतवैद्याला आधी सांगावे आणि औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी.