जोराचे माप

उज्जैनचा पुढील सिंहस्थ २०२८ साली भरावयाचा आहे. गुरू सिंह राशीत असता क्षिप्रेच्या काठी लक्षावधी भाविक जमतील आणि त्यांत आमच्या किनाऱ्यावरील मंडळीही कमी नसतील. महाकालेश्वराशी या किनाऱ्याचे नाते जुनेच आहे. ज्या मंदिरात आपण माथा टेकतो, त्याचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या सारस्वत कारभाऱ्याने केला, हे आपल्याकडील किती जणांच्या स्मरणात असेल? त्या काळी यात्रेकरू पायी वा बैलगाडीने जात असे. आज तो आगगाडीने इंदूर-उज्जैन गाठतो, नाही तर दहा घरची माणसे मिळून बस ठरवितात. या बसच्या चाकांचे नट कोणी, कशाने आणि किती घट्ट केले आहेत, हा प्रश्न मात्र यात्रेच्या तयारीत कोणाच्याच यादीत नसतो. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते नेमके या प्रश्नावर.

निमित्त आहे एका अवजाराचे. बॅटरीवर चालणारा, बिनवायरचा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे गॅरेजवाले ज्याला नुसते 'गन' म्हणतात तो, आता शहरातील मोठ्या कार्यशाळांपुरता राहिलेला नाही. पंक्चरवाल्याच्या टपरीत, ट्रकचालकाच्या पेटीत आणि मालव्यातील शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवरही तो दिसू लागला आहे. त्याची किंमत चार-पाच हजार रुपयांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत आहे. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि घेणारा त्या आकड्यांवर भुलतो. या अवजाराला आमचा विरोध मुळीच नाही. परंतु ते निवडावे कसे आणि वापरावे कोठवर, याचा विचार झाल्याशिवाय ते वरदान ठरणार नाही.

प्रथम त्याचे गुण सांगितले पाहिजेत. उज्जैनच्या भोवतालची जमीन काळी, चिकट आणि सकस. सोयाबीनने या भागात १९७० नंतर पाय रोवले व शेतीचे वेळापत्रकच बदलले. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सोयाबीन निघते आणि पाठोपाठ गव्हासाठी रान तयार करावे लागते. या थोड्या दिवसांत ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तरी त्याची किंमत शेतकऱ्याला ठाऊक असते. सहा फुटी रोटाव्हेटरला चाळीसच्या आसपास पाती असतात आणि प्रत्येक पात्याला दोन बोल्ट. ही पाती झिजतात, बदलावी लागतात. मातीने माखलेले, गंजून बसलेले ते ऐंशी बोल्ट हातपान्याने सोडविणे म्हणजे दोघा माणसांचा निम्मा दिवस आणि सोललेले तळहात. तेच काम गन फार थोड्या वेळात उरकते. हवेवर चालणाऱ्या गनसाठी कॉम्प्रेसर लागतो आणि तो शिवारात नेता येत नाही. शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते. अशा ठिकाणी घरी भारलेली बॅटरी खांद्यावरच्या पिशवीतून नेता येणे ही लहान सोय नव्हे. आमच्या कोकण-गोमंतकातील पॉवर टिलरवाल्याला तर तिचे मोल अधिकच कळेल, कारण इकडचा खारा वारा एका पावसाळ्यात नट असा धरतो की तो नट आहे की बोल्टचाच भाग, हे ओळखू येत नाही.

या यंत्राचे मर्म त्याच्या नावातच आहे. साधा पाना दांड्याच्या लांबीने जोर लावतो. हे यंत्र आघाताने लावते. आत एक हातोडा फिरतो आणि खिळीवर मिनिटाला हजारो ठोके देतो. प्रत्येक ठोका क्षणाचा असल्यामुळे त्याची उलट पिळ धरणाऱ्याच्या मनगटाला फारशी जाणवत नाही. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बॅटरीवर चालणारे ड्रिल आणले आणि पुढे त्याच दशकात जेमिनी या अंतराळ मोहिमांसाठी असाच एक रेंच तयार केला. अंतराळात वजनच नसते. तेथे साध्या यंत्राने बोल्ट पिळू गेल्यास बोल्टाऐवजी माणूसच गरगरा फिरावयाचा! ती अडचण या आघाताच्या युक्तीने सुटली. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि हलक्या वजनात मोठी शक्ती साठविता येऊ लागली. तिच्या जनकांपैकी तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंतराळवीरासाठी योजलेली युक्ती आणि नोबेल-सन्मानित संशोधन आज मालव्यातल्या शेतकऱ्याच्या हातात आले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु बाजार या आनंदाचे भांडवल कसे करतो तेही पाहिले पाहिजे. एका खोक्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर २१ असे छापलेले असते आणि ग्राहक २१ चे यंत्र अधिक बलवान समजून घरी नेतो. वस्तुतः तिन्हींच्या बॅटरीत बहुधा पाचच घट एकापुढे एक जोडलेले असतात. घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ होते. तोच घट पूर्ण भारल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत चढतो आणि बेरीज २१ होते. तीच वस्तू, नाव तेवढे निराळे. खरी साठवण कळते ती व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणून. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची. २ अँपिअर-तासांची अवघी ३६ ची.

दुसरा आकडा जोराचा, म्हणजे न्यूटन-मीटरचा. हा परका शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगले की सुमारे ९८ न्यूटन-मीटर पिळ पडते. साठ किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्यावर उभा राहिला तर सुमारे २९४. आता हजार न्यूटन-मीटरची जाहिरात डोळ्यांपुढे आणा: दोन मीटरच्या नळीला पन्नास किलोचे पोते टांगल्यासारखे ते झाले. एवढा जोर प्रत्येकाला हवा आहे काय? साध्या मोटारगाडीच्या चाकाचा नट बहुधा ८५ ते १३० न्यूटन-मीटरने आवळावयाचा असतो. जड ट्रक-बसच्या मोठ्या नटांना सहाशेच्या आसपास लागतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे असतात, व ते त्याच्या पुस्तिकेत दिलेले असतात. शिवाय सोडविण्याचा जोर आणि आवळण्याचा जोर यांतही भेद आहे. खोक्यावर पुष्कळदा सोडविण्याचा मोठा आकडा ठळक असतो आणि आवळण्याचा एक तर बारीक असतो, नाही तर नसतोच.

तेव्हा निवड आकड्यावरून न करता आपल्या कामावरून करावी. मोटारगाडी, जीप आणि रोटाव्हेटरची पाती एवढेच काम असेल, तर अर्ध्या इंची चौकोनाचे, सोडविण्याला चारशे-पाचशे न्यूटन-मीटर देणारे, हातात पेलणारे यंत्र पुरेसे आहे. ट्रॅक्टरचे मागचे चाक आणि गंजलेले मोठे बोल्ट सोडवावयाचे असतील, तर अधिक ताकदीचे घ्यावे. ट्रक-बससाठी पाऊण किंवा एक इंची चौकोनाचे लागेल. जोर कमी-अधिक करण्याच्या पायऱ्या आहेत की नाही, हे दुकानातच चालवून पाहावे. बॉश, मकिता, डीवॉल्ट अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकमेकींच्या यंत्रांना बसत नाहीत. म्हणून यंत्र घेणे म्हणजे एका घराण्याशी सोयरीक करणे आहे, हे लक्षात ठेवावे. चार वर्षांनी बॅटरी थकेल तेव्हा ती आपल्या तालुक्यात मिळेल काय, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. रोजच्या पान्याच्या चकचकीत गोट्या गनला लावू नयेत. आघाताने त्या फुटून तुकडा डोळ्यांत जाऊ शकतो. तिच्यासाठी खास काळ्या गोट्या मिळतात. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, तेव्हा कान झाकावेत. उज्जैनला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तापलेल्या टपात बॅटरी ठेवणे किंवा गरम असतानाच ती भारायला लावणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने घटविणे होय. आणि रोटाव्हेटरखाली हात घालण्यापूर्वी इंजीन बंद, किल्ली खिशात आणि यंत्राखाली भक्कम टेकू, हा नियम कोणत्याही गनपेक्षा महत्त्वाचा आहे.

एवढे सांगितल्यावर मुख्य मुद्द्याकडे येतो. नट सोडविताना जोर जास्त झाला तर फारसे बिघडत नाही. आवळताना झाला तर बिघडते. नटाला दिलेल्या पिळेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घर्षणापायी खर्च होते. उरलेली दहा टक्के बोल्ट ताणते आणि तो ताणच चाक धरून ठेवतो. बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंगच म्हणावयाची. ती कमी ताणली तर नट सैल होतो. मर्यादेबाहेर ताणली तर ती परत आखडत नाही, आटे खराब होतात आणि बोल्ट मान टाकतो. 'अति तेथे माती' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. घर्षणाचा वाटा एवढा मोठा असल्यामुळे पुस्तिकेत सांगितल्याशिवाय चाकाच्या आट्यांना तेल लावू नये, कारण तेलकट आट्यांवर तोच आकडा बोल्टाला अधिक ताणतो. गनचा घोडा दाबून 'कडक झाले' म्हणणाऱ्या कारागिराला मात्र हा ताण दिसत नाही. हातपान्याने आवळणाऱ्याला निदान मनगटातून काही कळत असे. गनने तेही काढून घेतले. तिने कष्ट वाचविले, परंतु अंदाज देणारा स्पर्शही नाहीसा केला.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. गनने नट नुसते बसवावेत, समोरासमोरच्या क्रमाने. चाक जमिनीला टेकल्यावर शेवटची पिळ टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील आकड्याला द्यावी. आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर ती पुन्हा तपासावी. जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांना उलट्या आट्याचे नट असत. अशा गाडीवर गन चालविण्यापूर्वी दिशा पाहून घ्यावी. हे ज्ञान कठीण नाही. तरीही गन ज्या दुकानात हौसेने घेतली जाते, त्या दुकानात टॉर्क पान्याची चौकशीही होत नाही. कारण गन वेळ वाचवते आणि टॉर्क पाना वेळ खातो. गिऱ्हाईक घाईत, कारागीर घाईत, आणि घाईचा हिशेब पुढे कोठेतरी घाटात चुकता होतो.

उज्जैन ही मोजमापाची नगरी आहे. भारतीय ज्योतिर्विदांनी रेखांशाची शून्य रेषा येथूनच धरली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिची डागडुजी करविली. तेथील सम्राट यंत्राची सावली आजही वेळ सांगते. डोळ्यांना दिसत नाही त्याचे माप दगड-चुन्यात बसविणारी ही परंपरा. मध्य प्रदेशातच, सिहोर जिल्ह्यातील बुदनी येथे १९५५ पासून शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची व परीक्षणाची केंद्र सरकारी संस्था आहे. ट्रॅक्टर खरोखर किती अश्वशक्ती देतो हे तेथे मोजले जाते आणि त्याचा अहवाल निघतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत कंपनीच्या शब्दावर विसंबू नये हे ज्या देशाला एवढ्या पूर्वी कळले, त्याने त्याच ट्रॅक्टरचे चाक बसविणाऱ्या अवजाराच्या बाबतीत खोक्यावरील छापील शब्द प्रमाण का मानावा?

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. सोडविण्याचा व आवळण्याचा जोर वेगवेगळा, एकाच मान्य पद्धतीने मोजून खोक्यावर छापणे कंपन्यांना सक्तीचे करावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि कृषी केंद्रांत गन शिकवावयाची तर टॉर्क पान्यासह शिकवावी. आणि सिंहस्थासारख्या यात्रेला निघणाऱ्या भाड्याच्या बसगाड्यांच्या तपासणीत कागदपत्रांबरोबर चाकांच्या नटांचीही पिळ मोजावी. पहिल्या मागणीला कायदा लागेल. दुसरीला थोडा पैसा. तिसरीला एक पाना आणि प्रत्येक गाडीमागे काही मिनिटे.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर गाडीमालकाने, शेतकऱ्याने आणि यात्रेकरूनेही एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. 'घट्ट केलेस ना?' हा प्रश्न पुरेसा नाही; त्याला होकाराखेरीज उत्तर कधीच मिळत नाही. 'किती घट्ट केलेस आणि कशाने मोजलेस?' असे विचारावे. या प्रश्नाला जो कारागीर आकडा सांगू शकेल, त्याच्या हातात गन द्यावी आणि त्याच्या हाती आपली चाकेही निर्धास्तपणे सोपवावीत.