‘मानवी चूक’ हे कारण नव्हे

सॉफ्टवेअर कंपनीत प्रणाली कोसळली की दोन-चार दिवसांत ‘आरसीए’, म्हणजे मूळ कारणाच्या विश्लेषणाचा अहवाल, तयार होतो. मूळ कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’, उपायाच्या रकान्यात ‘संबंधितास समज दिली, प्रशिक्षण दिले’. यामागचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. चुकणाऱ्याला झळ बसली नाही तर तो सावध होणार कसा, आज एकाला सोडले तर उद्या दहा जण हलगर्जीपणा करतील, ही भीती कोणत्याही मॅनेजरला वाटणारच. पण त्यात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते : चुकणारा बेफिकीर होता. मोठ्या बिघाडांचे जाहीर झालेले अहवाल वाचले तर हे गृहीतकच टिकत नाही.

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या सोर्स कोड साठवणाऱ्या सेवेचा दुय्यम डेटाबेस सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला होता. तो नव्याने भरून घ्यायचा म्हणून त्यावरची डेटा डिरेक्टरी पुसायची होती. अभियंत्याने ती पुसली, पण मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. खापर फोडायला डोके आयतेच सापडले. पण बॅकअपचे काय झाले होते? डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२चा, त्यामुळे नेमाने व्हायचा तो बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याचे कळवणाऱ्या ईमेलवर लागणारी डिजिटल सही नव्हती, म्हणून त्या ईमेलही पोचण्याआधीच नाकारल्या जात होत्या. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. अहवालात त्या माणसाचे नाव नाही. पुढच्या कामांच्या यादीत मात्र एक साधी गोष्ट होती : आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे ठळक दिसावे म्हणून टर्मिनलचा प्रॉम्प्ट बदलणे. ‘मानवी चूक’ लिहून फाइल मिटली असती तर हे कोणाला सुचले असते? रात्री अकराला अडलेला डेटाबेस सोडवत बसलेल्या माणसाकडे भीतीची वानवा नव्हती. दोन सर्व्हर वेगळे दाखवणारी खूण नव्हती.

दुसरा पक्ष म्हणतो, मग कार्यपद्धती लेखी करा, ती काटेकोरपणे पाळायला लावा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेत वॉट्स हम्फ्री यांच्या विचारांतून सीएमएम, म्हणजे सॉफ्टवेअर कार्यपद्धतीची परिपक्वता पायऱ्यांनी मोजणारे प्रारूप, उभे राहिले. आपल्याकडच्या कंपन्यांनी त्याची पाचवी पायरी मोठ्या अभिमानाने मिरवली, आणि त्या शिस्तीने कामाला वळण लागले हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गिटलॅबच्या घटनेला महिना व्हायच्या आत, २८ फेब्रुवारीला, अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही डेटा साठवण्याची सेवा बंद पडली ती ठरलेली कार्यपद्धती पाळत असतानाच. अधिकृत कर्मचारी, लिहून ठेवलेल्या पायऱ्या, आणि आज्ञा देताना एक चुकीचे इनपुट. हवे होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले. अ‍ॅमेझॉनने दुरुस्त केले ते साधन : सर्व्हर सावकाश काढायचे, आणि किमान क्षमतेखाली जाऊ लागले तर नकार द्यायचा. सूचनांच्या पुस्तकात ‘काळजी घ्यावी’ अशी ओळ वाढवून हे साधले नसते. नुसत्या इशाऱ्यांचे मोलही १ ऑगस्ट २०१२ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीमध्ये दिसले. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नव्हता. बाजार उघडण्यापूर्वी त्यासंबंधी ९७ ईमेल सुटल्या, कोणी दखल घेतली नाही, आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

सर्वांत वजनदार आक्षेप हा की दोष द्यायचाच नाही म्हटले तर जबाबदारी उरते कुठे. जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्याला अभय द्या असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेत १९७६पासून नासा चालवत असलेल्या विमानसुरक्षा अहवाल योजनेत नकळत झालेली चूक स्वतःहून कळवणाऱ्याला दंडापासून संरक्षण मिळते, गुन्ह्याला मिळत नाही. उलट, आपले नेमके काय झाले हे तपशिलाने सांगायला लावणे हीच जास्त कठीण जबाबदारी आहे. समज घेऊन मोकळे होणे त्यामानाने स्वस्त पडते. दुसरा आक्षेप मात्र अर्धा मान्य करावा लागतो : रेट्रोस्पेक्टिव्हच्या, म्हणजे झालेल्या कामाच्या आढाव्याच्या, नावाने चालणाऱ्या कित्येक बैठका म्हणजे कागदी घोडे. बोर्डावर रंगीत चिठ्ठ्या लागतात, ‘संवाद वाढवू’ असे ठरते, पुढच्या स्प्रिंटमध्ये त्याच चिठ्ठ्या परत येतात. पण हा दोष शोध घेण्याचा नाही. शोधातून निघालेल्या कामाला ना माणूस दिला जातो ना वेळ, आणि नव्या फीचरच्या यादीत ते कायम तळाशी पडते.

आपल्याकडची खरी अडचण आणखी निराळी आहे. पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांमधला आरसीए पुष्कळदा आपल्या टीमसाठी लिहिलाच जात नाही, तो परदेशातल्या क्लायंटसाठी लिहिला जातो. साधन सदोष होते असे त्यात लिहिले तर दंडाचे कलम लागू होण्याची धास्ती. एका असोसिएटचे दुर्लक्ष म्हटले की प्रकरण तिथेच मिटते. असा अहवाल लिहिणाऱ्याला दोष-विरहित संस्कृतीवरचे कितीही सेशन दिले तरी तो दुसरे काय लिहिणार? अंतर्गत शोध आणि क्लायंटला द्यायचा खुलासा ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत हे आधी करारातच लिहून घ्यावे लागेल, आणि ते काम टीम लीडचे नाही, करारावर सही करणाऱ्यांचे आहे.