पऱ्हाटींतील दुसरी साखर

कपाशीची शेवटची वेंचणी झाली कीं पऱ्हाटी उपटावी, थोडी चुलीस न्यावी व बाकीची बांधावर पेटवावी, हा वऱ्हाडांतील शिरस्ता आहे. २०१८ सालच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानें पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्यास उत्तेजन दिलें. पुढें ता. १० ऑगस्ट २०२२ रोजीं पानिपत येथें भाताच्या पेंढ्यापासून रोज १०० किलोलिटर इथेनॉल काढण्याच्या बेतानें उभारलेल्या कारखान्याचें उद्घाटन झालें. मग पऱ्हाटीसही भाव येईल, ही आशा कास्तकारांनीं धरावी हें साहजिक आहे. परंतु करार करण्यापूर्वीं कारखानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा, असें माझें मत आहे: तुमचा जंतु पऱ्हाटींतील साखर किती खातो?

प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण भाव त्यावरच ठरणार. पऱ्हाटी शिजवून फोडली असतां मुख्यत्वें दोन साखरा निघतात. सेल्युलोजापासून ग्लुकोज, आणि हेमिसेल्युलोजापासून बव्हंशीं झायलोज, म्हणजे काष्ठशर्करा. मळीवर काम करणारें नेहमींचें यीस्ट ग्लुकोज झपाट्यानें खातें; काष्ठशर्करेपासून मद्यार्क करणें त्यास साधत नाहीं. ताडींत आढळणारा झायमोमोनास नांवाचा जंतु याहून काटकसरी. ग्लुकोज त्याच्या देहांत कांहीं खर्च न पडतां शिरतें, आणि त्यांतून यीस्टच्या निम्मीच शक्ति तो स्वतःसाठीं ठेवतो. म्हणून बहुतेक साखर मद्यार्काकडे जाते. पण मूळचा झायमोमोनासही काष्ठशर्करेस तोंड लावीत नाहीं.

आंतड्यांत राहणारा कोलाय जंतु दोन्ही खातो. मात्र ग्लुकोज आंत घेतांना तो दारावरच त्यास फॉस्फेटाचा शिक्का मारतो (आमच्या कचेरींत आवक टपालावर मारीत तसा!) आणि हें काम चालूं असेपर्यंत काष्ठशर्करेचें दार बहुधा बंद राहतें. एक साखर संपवून, थोडें थांबून, मग दुसरीस हात घालण्याची जंतूंची ही रीत पॅरिस येथें झाक मोनो यांनीं १९४१ च्या सुमारास दाखविली. १९८७ सालीं अमेरिकेंत फ्लोरिडा विद्यापीठाचे इंग्रॅम यांनीं झायमोमोनासचे गुण कोलायमध्यें घालून त्याकडून मद्यार्क करविला. तरी आधीं ग्लुकोज खाण्याची खोड गेली नाहीं. तोंवर टाकी अडून राहते आणि खर्च चढतो.

१०० मण साखरेपासून फार तर ५१ मण मद्यार्क होतो. बाकीचा कर्बवायु होऊन उडतो. त्यांतही दुसरी साखर वायां गेली तर ती तूट कारखानदार स्वतः सोसणार नाहीं, पऱ्हाटीच्या भावांतून वळती करील. जमाखर्चांत जन्म गेलेल्यास हें सांगावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट उचलीच्या तारखेची. गाडी येईल म्हणून पऱ्हाटी शेतांत पडूं दिली तर गुलाबी बोंडअळीस आयता आसरा मिळतो व पुढच्या हंगामाचें नुकसान होतें. करारांत तारीख लिहून घ्यावी; न उचलल्यास भरपाईही.

आपल्या संघानें जिराईत व ओलिताच्या पऱ्हाटीचे नमुने निरनिराळे बांधून अकोल्याच्या कृषि विद्यापीठाकडे द्यावेत आणि प्रत्येकींत या दोन साखरा किती निघतात तें तपासून मागावें. हें काम येत्या वेंचणीपूर्वीं व्हावें.