मैदान कुणाच्या मालकीचं?

इस्लामपूरच्या आसपास थंडीच्या दिवसांत एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहा. ऊस निघालेल्या रानात पोरांचा टेनिस बॉलचा खेळ रंगलेला असतो. ते रान मोकळं केलेलं असतं ऊसतोड टोळीनं. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, म्हणजे निम्मं रान बाईच्या हातानं मोकळं झालेलं. खेळणाऱ्यांत मात्र एक मुलगी दिसायची नाही. बोकडाचं बक्षीस लावून स्पर्धा होतात, पुढाऱ्यांचे फोटो झळकतात. बोकड जिंकणार पोरं, भाकऱ्या थापणार कोण, हे सांगायला नको.

२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनानं त्या स्पर्धेत ४३४ धावा काढल्या. अभिमान आम्हालाही वाटला. पण स्मृती मैदानापर्यंत पोचली कशी? वडील जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊ राज्याच्या संघात. भावाचं पाहून ती खेळू लागली आणि नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात आली. कष्ट तिचेच, पण दार घरातून उघडलं. ज्यांच्या घरात असं दार नाही त्या मुलींनी काय करायचं?

आणि जिला विश्वचषक नकोच आहे, संध्याकाळी तासभर नुसतं धावायचं आहे, तिचं काय? मुलाला कुणी विचारत नाही, 'तू तेंडुलकर होणार का?' तो खेळतो, कारण मैदान त्याचंच. मुलीनं मात्र आधी गुण सिद्ध करायचे, मग आत यायचं.

गुणांवर आत घेणं म्हणजे बरोबरीनं घेणं नव्हे, हे पळवणकर बाळूंच्या गोष्टीतून दिसतं. पुण्याच्या हिंदू क्लबाला सामने जिंकायला त्यांची गोलंदाजी हवी होती. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्या घरात आलं ते १९२३ मध्ये, धाकट्या विठ्ठलकडे. म्हणून गावातल्या संघात मुलगी घेतली एवढ्यावर आपण खूश व्हायचं नाही. तिला फलंदाजी कितव्या क्रमांकावर देता? चेंडू हातात देता की सीमेवर उभी करता? दलित वस्तीतली, मोहल्ल्यातली मुलगी त्याच बाटलीतून पाणी पिते का?

क्रिकेटनं घरातली मारहाण थांबेल असं म्हणण्याइतक्या आम्ही भाबड्या नाही. पण उंच उडालेल्या चेंडूखाली जाऊन चारचौघांत 'माझा!' असं मोठ्यानं ओरडायला लागतं. आपल्या किती मुलींना कुठलीही गोष्ट 'माझी' म्हणून ओरडायची सवय आहे? पडायचं, गुडघा फुटला तर माती झटकून उठायचं, पंचाशी वाद घालायचा. हे सगळं त्यांना लग्नाआधी एकदा तरी करायला मिळावं. (आणि लग्नानंतर का नको?)

'हात मोडला तर लग्न कसं जमायचं?' हा प्रश्न आयाच विचारतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. मुलीच्या अंगाचा हिशेब लग्नाच्या बाजारात होतो हे त्यांनी स्वतः भोगलंय. त्यांनाच आधी मैदानावर आणावं लागेल, बघायला नाही, खेळायला.

याच वाळवा तालुक्यातल्या कासेगावात इंदुताई पाटणकर राहिल्या. जिल्ह्यातल्या परित्यक्तांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, तेव्हा तीही मागणी अनेकांना जगावेगळी वाटली होती. मैदानाच्या वेळा ठरवून मागणं त्या मानानं सोपं आहे. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी मुली-बायकांसाठी, मैदानावर दिवा आणि संडास, गावच्या स्पर्धेत प्रत्येक संघात निदान चार मुली, आणि पंचांत एक तरी बाई. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती उरकतात. पुढच्या वेळी सही करण्याआधी हा विषय वहीत लिहून घ्यायला लावा.