नोंदी उतरवा, पण पारखून

अंबाझरी तलावाच्या काठावर पहाटे दुर्बीण घेऊन उभी राहणारी मंडळी आता वहीऐवजी मोबाइलवर नोंद करतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या अशा नोंदी पुढे ‘जीबीआयएफ’ या सर्वांना खुल्या जागतिक भांडारात जमा होतात. तिथून त्या आपल्या संगणकावर कशा आणायच्या, हा या अंकाचा विषय.

पायथनची ‘पायजीबीआयएफ’ किंवा आर भाषेतली ‘आरजीबीआयएफ’ ही लायब्ररी असली की चार-सहा ओळींत काम होतं. शास्त्रीय नाव द्या, प्रदेश द्या, वर्षं द्या. साध्या शोधाच्या एका विनंतीला जास्तीत जास्त 300 नोंदी मिळतात. मोठा साठा हवा तर खातं उघडून डाउनलोड मागवायचा. त्याला डीओआय क्रमांक मिळतो, तो लेखात जरूर द्यावा.

पण आलेली प्रत्येक नोंद खरी मानायची का? आपल्या रानपिंगळ्याचंच घ्या. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड मेइनर्टझागेन यांनी 1914 साली गुजरातेत मिळवला म्हणून सांगितलेला नमुना प्रत्यक्षात चोरीचा होता, लेबलही बनावट. तो बाद करून पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या, अस्सल नोंदींचा माग काढला, तेव्हा 1997 साली शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा सापडला. पुढे तो मेळघाटातही दिसला.

म्हणूनच आम्ही डाउनलोडपेक्षा नोंदींच्या गाळणीला जास्त पानं दिली आहेत, काहींना ती रुक्ष वाटली तरी. आपल्या तालुक्याच्या नोंदी उतरवून पाहा. एखादी खटकली तर कारणासह कळवा. पुढच्या अंकात तिच्यासाठी जागा ठेवली आहे.