पोच अडते कुठे?
कसाऱ्यात ऑनलाइन अर्जाची पोच ईमेलवर आली नाही, की घाटातल्या रेंजवर खापर फोडणे सोपे असते. पण रेंज नसली तरी मेल इनबॉक्समध्ये थांबतो, हरवत नाही. तो बहुधा अडतो पाठवणाऱ्या कार्यालयाच्या सेटिंगमध्ये: पत्ता एका डोमेनचा, सर्व्हर भलत्याचाच, मेल खरेच त्या डोमेनचा आहे हे पटवणारी एसपीएफ-डीकेआयएमची नोंद नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल घाऊक मेल पाठवणाऱ्यांकडे ही ओळख मागते. नसेल तर मेल स्पॅममध्ये किंवा परत. अर्जदार पत्ता चुकीचा लिहितात, हे खरे. पण तेव्हाही बहुधा मेल परतल्याचा निरोप पाठवणाऱ्याकडेच येतो. तो वाचणार कोण? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अर्जाची पोच द्यावीच लागते. तेव्हा अर्जदाराला तालुक्याच्या ठिकाणी, शहापूरला हेलपाटा घालायला लावण्याआधी कार्यालयाने जीमेलचा पत्ता देऊन एक चाचणी अर्ज भरून पाहावा.